झुकलेली रेघ किती महाग पडते: तापमान-एन्ट्रॉपी आलेख वाचताना

एक कागद घ्या आणि त्यावर दोन अक्ष काढा. उभ्या अक्षावर तापमान, केल्विनमध्ये. आडव्या अक्षावर एन्ट्रॉपी. एन्ट्रॉपी म्हणजे नेमकं काय, हे तूर्त बाजूला ठेवू. आता ३०० केल्विनवर एक आडवी रेघ मारा, ६०० केल्विनवर दुसरी, आणि दोन उभ्या रेघांनी टोकं जोडून आयत पुरा करा. आयताची रुंदी १ किलोज्यूल प्रति केल्विन धरू.

वरच्या कडेपासून थेट शून्यापर्यंतचं क्षेत्रफळ झालं ६०० गुणिले १, म्हणजे ६०० किलोज्यूल. एवढी उष्णता इंजिनाने गरम बाजूकडून घेतली. खालच्या कडेपासून शून्यापर्यंतचं क्षेत्रफळ ३०० किलोज्यूल. एवढी त्याने थंड बाजूला टाकली. मधे उरला तो आयत ३०० चा, आणि तेच इंजिनाने केलेलं कार्य. घेतलेल्या उष्णतेच्या बरोबर निम्मं. अशा आदर्श इंजिनाच्या, म्हणजे कार्नो इंजिनाच्या, कार्यक्षमतेचं जे सूत्र पोरं घोकून घोकून पाठ करतात, ते यापलीकडे काही नाही: वरच्या उंचीतून खालची उंची वजा करा आणि वरच्या उंचीने भागा. रुंदी दोन्हीकडे एकच, त्यामुळे ती हिशोबातून उडून जाते.

हा तापमान-एन्ट्रॉपी आलेख, म्हणजेच टी-एस डायग्राम, मला पहिल्यांदा भेटला तो उत्तरपत्रिकेची सजावट म्हणून. एक घुमट काढायचा, त्यावर चार ठिपके, त्यांना १ ते ४ आकडे, आणि मग खरं उत्तर बाष्पसारणीतले, म्हणजे पाणी-वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यातले, आकडे वापरून काढायचं. आकृतीचे दोन गुण पदरात पडले की तिच्याकडे कोणी वळून पाहत नसे. मीही पाहिलं नाही. बऱ्याच वर्षांनी कळलं की निम्म्याहून अधिक उत्तरं त्या आकृतीतच लिहिलेली असतात, सारणी फक्त दशांशचिन्हानंतरचे आकडे पुरवते.

एन्ट्रॉपी, हिशोबापुरती

एन्ट्रॉपी म्हटलं की लगेच ‘अव्यवस्था’ हा शब्द पुढे येतो. त्या शब्दाशी माझं भांडण नाही, पण हा आलेख वाचताना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. इथे एन्ट्रॉपी ही हिशोबाची राशी आहे. एखाद्या वस्तूला सावकाश, कुठेही घासाघीस किंवा खळबळ न होऊ देता थोडी उष्णता दिली, तर ती उष्णता भागिले त्या क्षणीचं तापमान म्हणजे त्या वस्तूच्या एन्ट्रॉपीत झालेली वाढ. बस्स.

मग भागाकार कशासाठी? कारण उष्णतेचं मोल ती किती तापमानाला मिळते यावर ठरतं. ५०० केल्विनच्या वस्तूतून १००० ज्यूल निघाले तर तिची एन्ट्रॉपी २ एककांनी घटते. तेच १००० ज्यूल ३०० केल्विनच्या वस्तूत शिरले तर तिची ३.३३ एककांनी वाढते. ऊर्जेचा हिशोब चोख जुळतो: १००० गेले, १००० आले. एन्ट्रॉपीचा मात्र जुळत नाही. १.३३ एकक नव्याने जन्माला आलं, आणि ते आता कोणत्याही उपायाने नाहीसं करता येणार नाही. गरमकडून गारकडे आपोआप वाहणाऱ्या उष्णतेने जाता जाता जी खूण ठेवली, ती ही.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियसने या राशीला १८६५ मध्ये नाव दिलं. ग्रीकमधल्या रूपांतर या अर्थाच्या शब्दावरून त्याने ते घडवलं, आणि ‘एनर्जी’शी त्याचा उच्चार मुद्दाम जुळता ठेवला. तोवर फ्रेंच अभियंता सादी कार्नोचा निबंध येऊन ४१ वर्षं झाली होती. १८२४ मध्ये कार्नोने सांगून ठेवलं होतं की आदर्श इंजिन किती काम देईल हे फक्त दोन तापमानांवर ठरतं, आत पाणी आहे की हवा याच्याशी त्याचा संबंध नाही. गंमत अशी की उष्णता हा एक न संपणारा द्रव आहे, आणि तो वरून खाली पडताना धबधब्यासारखं काम करतो, अशी त्या निबंधाची मांडणी होती. उष्णतेबाबत ती चुकीची ठरली. पण आपल्या आयताकडे पाहा: वरून १ एकक एन्ट्रॉपी आत येते, खाली तेवढीच बाहेर पडते, मधल्या उंचीतून काम मिळतं. कार्नोच्या धबधब्यातून न आटता पडणारं काहीतरी खरंच आहे, फक्त त्याचं नाव एन्ट्रॉपी.

इंजिनवाल्यांना आलेख नवा नव्हता. दाब आणि आकारमान यांचा आलेख जेम्स वॉटच्या कारखान्यात १७९६ च्या सुमारास यंत्रच स्वतःच्या हाताने काढून देऊ लागलं होतं. सिलिंडरला जोडलेली पेन्सिल कागदावर बंद आकृती उमटवी, आणि तिचं क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीतलं कार्य. १८३४ मध्ये फ्रेंच अभियंता क्लापेरॉनने कार्नोचं चक्र याच आलेखावर मांडलं. तिथे ते दिसतं कसं? चार वक्र रेषांमधे चेपलेल्या बारीक चिंधीसारखं. काम किती झालं ते कळतं, पण उष्णता किती लागली आणि किती वाया गेली, यावर तो आलेख मुका. १८७३ मध्ये अमेरिकेत येल इथे शिकवणाऱ्या विलर्ड गिब्ज यांनी द्रवांच्या आणि वायूंच्या आलेखांवर लिहिलेल्या लेखात तापमान आणि एन्ट्रॉपी हे दोन अक्ष घेण्याची पद्धत मांडली, आणि ती वाकडी चिंधी आयत होऊन बसली.

घुमटाखाली काय असतं

आता त्या आयतात पाणी भरू. एक किलो पाण्याची संपृक्त स्थिती, म्हणजे उकळण्याच्या सीमेवरची स्थिती, प्रत्येक तापमानाला कुठे येते हे टिंबांनी दाखवत गेलं की घुमटासारखा आकार तयार होतो. डावी कड म्हणजे उकळायला टेकलेलं पाणी, उजवी कड म्हणजे शेवटचा थेंबही विरलेली कोरडी वाफ. घुमटाच्या आत पाणी आणि वाफ एकत्र. डावीकडे निव्वळ पाणी, उजवीकडे तापवलेली वाफ. कळस आहे सुमारे ३७४ अंश सेल्सिअस आणि २२१ बार दाबाला (एक बार म्हणजे जवळपास हवेचा नेहमीचा दाब). त्याच्यावर पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही.

घुमटाच्या आत स्थिर दाबाची रेघ अगदी सपाट असते, कारण उकळताना तापमान हलत नाही. सपाट रेघेखालचं क्षेत्रफळ काढायला कॅलक्युलसची गरज नाही. १०० अंशाला, म्हणजे ३७३.१५ केल्विनला, डाव्या कडेची एन्ट्रॉपी १.३०७ आणि उजव्या कडेची ७.३५४ किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विन. रुंदी ६.०४७. गुणाकार करा: २२५६ किलोज्यूल. शाळेत ऐकलेली पाण्याच्या बाष्पनाची अप्रकट उष्मा ती हीच, लांबी गुणिले रुंदी. घुमट वर निमुळता होत जातो, म्हणून दाब वाढला की ही उष्मा घटते, आणि कळसावर रुंदीच संपल्यामुळे ती शून्य होते.

इथेच एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. बाजारातले बरेच छापील आलेख उभ्या अक्षावर सेल्सिअस वापरतात आणि अक्ष शून्य अंशापासून सुरू करतात. दिसायला सोयीचं. पण क्षेत्रफळ त्या छापील तळापर्यंतच मोजलं तर वरच्याच उदाहरणात १०० गुणिले ६.०४७, म्हणजे जेमतेम ६०५ येतील. उरलेले साडेसोळाशे किलोज्यूल कागदाच्या खाली, न छापलेल्या २७३ अंशांत दडलेले असतात. तळ हवा तो निरपेक्ष शून्याचा. आडव्या अक्षाला अशी अट नाही. बाष्पसारणीत ०.०१ अंशाच्या द्रव पाण्याची एन्ट्रॉपी शून्य धरतात ती केवळ सोयीसाठी. आपल्याला कामाला येतात ते फरक.

एक औष्णिक वीजकेंद्र, चार रेघांत

वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्राचं साधं रँकिन चक्र घेऊ. वापरलेली वाफ गार करून तिचं पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधे दाब ०.१ बार, म्हणजे पाणी ४५.८ अंशाला, ३१९ केल्विनला. तिथून पंप पाणी उचलतो आणि ३० बारच्या बॉयलरमधे ढकलतो. आलेखावर पंपाची रेघ इतकी बुटकी असते की ती दाखवायला सगळेच थोडी खोटी उंच काढतात. मग पाणी घुमटाच्या डाव्या कडेलगत चढतं, २३४ अंशाला उकळायला लागतं, सपाट रेघेने घुमट ओलांडतं, आणि पलीकडे वाफ ३५० अंशांपर्यंत तापते. तिथून टर्बाइन. आदर्श टर्बाइनमधे उष्णता आत येत नाही, बाहेर जात नाही, घर्षण नाही. एन्ट्रॉपी बदलत नाही. म्हणून रेघ सरळ खाली. ती पोचते पुन्हा घुमटाच्या आत, ०.१ बारच्या सपाट रेघेवर. त्या रेघेवरून डावीकडे आलं की चक्र पुरं.

या चक्राची कार्यक्षमता किती? सारणी घेऊन बसलं तर ३३.४ टक्के निघते. आलेखावर ती वेगळ्या वाटेने येते. आत घेतलेली उष्णता म्हणजे वरच्या वळणावळणाच्या रेषेखालचं क्षेत्रफळ, २९२१ किलोज्यूल. या आकाराची रुंदी ६.०९६. भागाकार केला की सरासरी उंची मिळते ४७९ केल्विन, म्हणजे २०६ अंश. याचा अर्थ हे चक्र ३१९ आणि ४७९ केल्विन या दोन उंचींच्या आयताइतकंच काम करतं. १ वजा ३१९ भागिले ४७९: तेच ३३.४ टक्के.

उष्णता आत घेतानाचं हे सरासरी तापमान मला या आलेखातली सर्वांत उपयोगाची गोष्ट वाटते. समजा वाफ ३५० ऐवजी ६०० अंशांपर्यंत तापवली. अडीचशे अंशांची उडी! बॉयलरच्या नळ्यांना महागडं मिश्रधातू लागेल, वेल्डिंगचे नियम बदलतील. आणि सरासरी? २०६ वरून २३५ अंशांवर. कार्यक्षमता ३७.३ टक्के. कारण चित्रात स्पष्ट दिसतं: वाढ झाली ती फक्त उजव्या कोपऱ्यातल्या अरुंद शेंड्यात, उष्णतेचा मोठा वाटा अजूनही २३४ अंशांच्या त्याच सपाट पठारावर आणि त्याच्या डावीकडच्या चढणीवर घेतला जातो. आता तापमान ६०० अंशच ठेवा आणि दाब ३० वरून १५० बार करा. पठारच १०८ अंशांनी वर उचललं जातं. सरासरी २८७ अंश, कार्यक्षमता ४३ टक्के. वाफेचं कमाल तापमान एका अंशानेही न वाढवता.

पण याची किंमत उजव्या बाजूला मोजावी लागते. दाब वाढवला की टर्बाइनची उभी रेघ डावीकडे सरकते आणि घुमटात खोलवर उतरते. ३० बार आणि ६०० अंशांना टर्बाइनमधून निघणाऱ्या वाफेत साडेआठ टक्के पाणी होतं. १५० बारला ते जवळजवळ २० टक्के होतं. वाफेबरोबर प्रचंड वेगाने जाणारे थेंब शेवटच्या पात्यांच्या कडा कुरतडतात, म्हणून ओलावा साधारण १० टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत. उपाय आलेखावर बोट फिरवताना सुचतो: रेघ उजवीकडे हवी, तर अर्ध्यातून ती उजवीकडे न्या. ४० बारला वाफ टर्बाइनबाहेर काढून पुन्हा ६०० अंशांपर्यंत तापवली, मग खाली सोडली, की ओलावा १०.४ टक्क्यांवर येतो आणि कार्यक्षमता ४५ टक्के होते. यालाच रीहीट म्हणतात. चित्रात तो टर्बाइनच्या रेघेत पडलेला एक दात आहे.

झुकलेली रेघ

आतापर्यंत टर्बाइनची रेघ सरळ उभी काढली. खरी टर्बाइन तशी नसते. पात्यांवर घर्षण होतं, फटींतून वाफ निसटते, भोवरे होतात. उष्णता बाहेर जात नसली तरी एन्ट्रॉपी वाढते, आणि रेघ खाली येता येता उजवीकडे झुकते. डावीकडे ती कधीच झुकत नाही. उष्णता बाहेर टाकली नाही तर तशी रेघ निसर्गात नाही. कुणाच्या गणितात उष्णता न सोडणाऱ्या टर्बाइनची रेघ डावीकडे झुकलेली दिसली, की पुढचं न वाचता चूक शोधायला लागावं.

हा झुकाव मोजता येतो. ३० बार, ३५० अंशांचं उदाहरण पुन्हा घेऊ. आदर्श टर्बाइन किलोमागे ९८० किलोज्यूल देते. आपली टर्बाइन ८५ टक्के चांगली आहे, तर ती ८३३ देईल. १४७ किलोज्यूल गेले. आता बाहेर पडणाऱ्या वाफेची एन्ट्रॉपी पाहा: ६.७४५ ऐवजी ७.२०६. रेघेचं खालचं टोक ०.४६१ ने उजवीकडे सरकलं. या सरकलेल्या तुकड्याखाली कंडेन्सरच्या तापमानाएवढा उंच, अगदी शून्यापर्यंत, एक चिंचोळा पट्टा काढा. त्याचं क्षेत्रफळ ०.४६१ गुणिले ३१९. एकशे सत्तेचाळीस.

हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी ते दोनदा करून पाहिलं होतं. योगायोग नाही तो. टर्बाइनमधे गमावलेलं कार्य कुठे जातं? वाफेतच उष्णता होऊन राहतं, आणि ती उष्णता शेवटी कंडेन्सरला टाकावी लागते. तो पट्टा म्हणजे तीच जादा टाकावी लागलेली उष्णता. एक बारीकसा उपरोध असा की वाईट टर्बाइनमधून निघणारी वाफ अधिक कोरडी असते, कारण घर्षणाने तिला तापवलेलं असतं. इथे ओलावा १८.७ वरून १२.६ टक्क्यांवर येतो. पात्यांना बरं, बाकी कुणालाच नाही.

वायूच्या रेषा का फाकतात

गॅस टर्बाइनच्या आलेखात घुमट नसतो. हवा सगळीकडे हवाच. तिथे पाहायच्या त्या स्थिर दाबाच्या रेषा. हवेसाठी त्या वर जाताना अधिकाधिक उभ्या होत जाणाऱ्या वक्र असतात, आणि एका दाबाची वक्र दुसऱ्या दाबाच्या वक्राची हुबेहूब नक्कल असते, फक्त आडवी सरकवलेली. जास्त दाबाची डावीकडे.

आकार एकच आणि सरकवलेलं आडवं, याचा परिणाम असा की दोन रेषांमधलं उभं अंतर उजवीकडे वर जाताना वाढत जातं. गॅस टर्बाइन चालते ती या फाकण्यावर. डावीकडे, जिथे अंतर कमी, तिथे कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारं यंत्र, हवा खालच्या रेषेवरून वरच्या रेषेवर चढवतं. मग इंधन जाळून वरच्या रेषेने उजवीकडे जायचं. तिथे अंतर मोठं, आणि तिथून टर्बाइन खाली उतरते. चढण छोटी, उतार मोठा, फरक आपला. दोन्ही रेषा समांतर असत्या तर चढायला जेवढं लागलं तेवढंच उतरताना मिळालं असतं आणि इंधन नुसतं हवा तापवत बसलं असतं.

आकडे घालू. दाब आठपट करायचा, हवा ३०० केल्विनची. आदर्श कॉम्प्रेसरनंतर ती ५४३ केल्विनला पोचते. चढण २४३ अंशांची. इंधन जाळून १३०० केल्विन. तिथून उतरून ७१८, उतार ५८२. फरक ३३९ अंशांचा, आणि हवेची विशिष्ट उष्णता किलोला जवळपास १ किलोज्यूल प्रति केल्विन असल्याने किलोमागे साधारण ३४० किलोज्यूल काम. छान. आता दोन्ही यंत्रं ८० टक्के चांगली धरा. दोन्ही रेघा उजवीकडे झुकतात. चढणीला ३०४ लागतात, उतारावर ४६६ मिळतात, हातात उरतात १६२. प्रत्येक यंत्र फक्त एक पंचमांशाने कमी पडलं, आणि मिळकत निम्म्याहून खाली आली. वाफेच्या चक्रात पंप नावापुरतं काम खातो, कारण तो द्रव ढकलतो, म्हणून तिथे असा फटका बसत नाही.

गॅस टर्बाइनची कल्पना जुनी असूनही ती वापरात यायला विसावं शतक उजाडावं लागलं, त्यामागे हे गणित आहे. कॉम्प्रेसर थोडा वाईट, टर्बाइन थोडी वाईट, ज्वलनाचं तापमान धातूला सोसेल एवढंच, की आलेखावरचा फरक शून्यावर येतो आणि यंत्र स्वतःलाही फिरवू शकत नाही. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल इथे वीजनिर्मितीसाठी पहिला मोठा गॅस टर्बाइन संच बसला. त्यातली टर्बाइन १५ मेगावॉटहून अधिक शक्ती देत होती, त्यातले ११ हून अधिक कॉम्प्रेसरच घेत होता, आणि तारांमधे जात होते ४. कार्यक्षमता १७ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा तो पराक्रमच होता.

फ्रिजचं चक्र उलट फिरतं, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. वेढलेलं क्षेत्रफळ म्हणजे आपण घातलेलं काम, खालच्या रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे आतून उचललेली उष्णता. २५० आणि ३०० केल्विनमधला आदर्श आयत काढला तर खालची पट्टी वेढलेल्या तुकड्याच्या पाचपट निघते, म्हणून एक एकक विजेत पाच एकक उष्णता बाहेर. खरा फ्रिज यापासून बराच दूर असतो, आणि त्याचं एक कारण आलेखावर तुटक रेघेने काढलेलं असतं: दाब उतरवणारी बारीक नळी.

तुटक रेघेखाली काय मोजायचं

ती तुटक का, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारत नाही, विचारायला हवा. क्षेत्रफळ म्हणजे उष्णता, हा सगळा खेळ एका अटीवर चालतो: प्रक्रिया सावकाश आणि आतल्या आत उलट फिरवता येईल अशी हवी. ती अट मोडली की रेघेखालच्या क्षेत्रफळाला उष्णता म्हणता येत नाही. अनेकदा तर रेघच नसते, कारण मधल्या क्षणी वायूच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळं तापमान असतं. आलेखावर टिंब द्यायला एकच आकडा सापडत नाही. फक्त सुरुवात आणि शेवट तेवढे पक्के. तुटक रेघ म्हणजे ‘इथून तिथे गेलं, कसं ते विचारू नका’.

सगळ्यांत साधं उदाहरण घ्या. एक बंद, उष्णतारोधक पेटी, मधे पडदा. एका बाजूला ३०० केल्विनचा एक मोल वायू, दुसरी बाजू पूर्ण रिकामी. पडदा फाडला. वायू दोन्हीकडे पसरला, आकारमान दुप्पट झालं. आदर्श वायू असेल तर तापमान ३०० च राहतं. उष्णता आली नाही, गेली नाही, कुठलं चाक फिरलं नाही. आणि तरी एन्ट्रॉपी ५.७६ ज्यूल प्रति केल्विनने वाढली. आलेखावर हे टिंब उजवीकडे ५.७६ सरकतं, उंची तीच. त्या दोन टिंबांना आडव्या रेघेने जोडलं तर खाली जवळजवळ १७३० ज्यूलचं क्षेत्रफळ तयार होतं. उष्णता तर शून्य. मग हे १७३० कशाचे?

पडदा फाडण्याऐवजी तिथे दट्ट्या बसवला असता, पेटीत ३०० केल्विनच्या परिसरातून उष्णता येऊ दिली असती, आणि वायूला हळूहळू ढकलू दिलं असतं, तर तोही याच दोन टिंबांमधून गेला असता. त्या वाटेने आत आलेली उष्णता आणि बाहेर मिळालेलं काम, दोन्ही बरोबर १७३० ज्यूल. पडदा फाडताना सोडून दिलं ते काम हे.